ऐंशी वर्षे हरवलेली पंचवीस मिनिटे

जुन्या ग्रंथांशी ज्यांचा संबंध येतो त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते. ग्रंथ हरवतो तो एकदम हरवत नाही. आधी एखादे पान गळते, मग नक्कल करणारा कंटाळून चार ओव्या गाळतो, कोणी शहाणा पदरच्या दोन घालतो, आणि पुढच्या पिढीच्या हाती जे उरते त्यालाच ती मूळ ग्रंथ समजून भजते. ज्ञानेश्वरीची अशी दशा होऊ लागली तेव्हा एकनाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. महाभारताच्या शुद्धीकरणाला तर पुण्याच्या भांडारकर संस्थेतील पंडितांची जवळजवळ अर्धशतकाची तपश्चर्या लागली. १९१९ साली आरंभलेले ते काम १९६६ साली पुरे झाले.

पोथ्यांचे हे दुखणे चित्रपटांनाही जडते, याचा मात्र आपण सहसा विचार करीत नाही. चित्रपट म्हणजे डब्यात बंद केलेली वस्तू, ती जशी काढली तशीच राहणार, अशी आपली भाबडी समजूत. पडद्यावर जे दिसते ते सगळेच्या सगळे दिसते आहे, असे आपण गृहीत धरतो. पण जगातील एका अत्यंत गाजलेल्या चित्रपटाचा जवळजवळ चौथा हिस्सा ऐंशी वर्षे बेपत्ता होता, त्याविना तो चित्रपट जगभर दाखवला जात होता, त्यावर टीका होत होती, स्तुती होत होती, आणि हरवलेला बहुतेक भाग होता दक्षिण अमेरिकेतल्या एका संग्रहालयाच्या फळीवर! त्या चित्रपटाचे नाव 'मेट्रोपोलिस'. दिग्दर्शक फ्रिट्स लांग, कथा-पटकथा लेखिका थेआ फॉन हार्बू, निर्माती कंपनी जर्मनीची उफा. पहिला खेळ १० जानेवारी १९२७ रोजी बर्लिनच्या 'उफा पालास्ट आम त्सो' या चित्रगृहात.

सापडलेल्या तुकड्यांसह हा चित्रपट पुन्हा सिद्ध झाला आणि २०१० च्या नोव्हेंबरात अमेरिकेत व इंग्लंडमध्ये घरी पाहावयाच्या ब्ल्यू-रे तबकडीवर निघाला. माझ्या एका माजी विद्यार्थ्याने ती तबकडी परदेशातून आणून दिली आणि 'मेट्रोपोलिस' आमच्या दिवाणखान्यात अवतरला. त्याची ही हकिगत.

वरचे नगर, खालचे नगर

प्रथम कथा. भविष्यकाळातले एक अवाढव्य शहर. गगनाला भिडलेल्या इमारती, त्यांच्यामधून अधांतरी गेलेले पूल, पुलांवरून धावणाऱ्या मोटारी, इमारतींच्या मधून उडणारी विमाने. वर धनिकांची मुले बागांमध्ये खेळतात. जमिनीच्या पोटात यंत्रे, आणि यंत्रांच्याही खाली कामगारांची वस्ती. पाळी बदलते तेव्हा खाली मान घातलेले दोन तांडे, एक आत जाणारा आणि एक बाहेर येणारा, एकमेकांशेजारून सरकतात. बाहेर येणाऱ्यांची चाल आत जाणाऱ्यांच्या निम्म्याने असते. एक अक्षर न बोलता एवढे सांगणारे दृश्य मूकपटांतही विरळा.

या नगराचा स्वामी योह फ्रेडरसन. त्याचा मुलगा फ्रेडर. कामगारांच्या पोरांना घेऊन वर आलेली मारिया नावाची मुलगी फ्रेडरच्या दृष्टीस पडते आणि तिच्या शोधात तो खाली उतरतो. तिथे एका प्रचंड यंत्राचा स्फोट होतो, आणि माणसे गिळणाऱ्या राक्षसाचे उघडे तोंड त्याला त्या यंत्रात दिसते. मारिया भुयारात कामगारांना धीर देत असते, की डोके आणि हात यांना सांधणारे हृदय एक दिवस येईल. बापाला हे खपत नाही. तो रोटवांग नावाच्या विक्षिप्त शास्त्रज्ञाकडे जातो. रोटवांगाने धातूची यंत्रस्त्री बनवलेली असते. तिला मारियाचा चेहरा देऊन कामगारांत सोडावयाचे आणि त्यांचा विश्वास उडवावयाचा, असा बेत ठरतो. खोटी मारिया कामगारांना चिथावते, ते मुख्य यंत्र फोडतात, पाण्याचे लोंढे त्यांच्याच वस्तीत घुसतात, आणि तिथे राहिलेली असतात त्यांचीच मुले.

शेवट आपण पाहावा. तो गोड आहे. किती गोड आहे याविषयी शंभर वर्षे वाद चालू आहे.

दीड वर्षाचा खटाटोप

न्यू यॉर्कच्या इमारती १९२४ साली बोटीवरून प्रथम पाहिल्या आणि तिथेच हा चित्रपट सुचला, असे लांग पुढे सांगत असे. पण कथेचे काम त्या प्रवासापूर्वीच सुरू झाले होते. कलावंत आपल्या कृतीची जन्मकथा नंतर जरा सजवून सांगतात, तसाच हा प्रकार.

चित्रण २२ मे १९२५ रोजी सुरू झाले आणि ३० ऑक्टोबर १९२६ रोजी संपले. पंधरा लाख मार्कांचा अंदाज होता, खर्च पन्नास लाखांच्या पलीकडे गेला. आजच्यासारखी गणकयंत्रे हाताशी नव्हती. जे करावयाचे ते हाताने, आरशाने आणि चिकाटीने. रस्त्यावरच्या मोटारी म्हणजे खेळण्यातल्या मोटारी. त्या कणभर सरकवावयाच्या, एक चित्र घ्यावयाचे, पुन्हा कणभर सरकवावयाच्या. पडद्यावरच्या काही क्षणांसाठी कारागीर दिवसचे दिवस असे खपत होते.

ऑयगेन श्युफ्टान या कारागिराची युक्ती तर सुरेख. कॅमेऱ्यापुढे तिरपा आरसा ठेवावयाचा. आरशाच्या ज्या भागातून नट दिसावयाचे तेथील चंदेरी लेप खरवडून काच मोकळी करावयाची. मोकळ्या काचेतून दूर उभी असलेली खरी माणसे दिसतात, उरलेल्या आरशात शेजारी मांडलेल्या छोट्या प्रतिकृतीचे प्रतिबिंब पडते, आणि कॅमेऱ्याला वाटते की हातभर उंचीच्या इमारतीसमोर माणसे मुंगीएवढी आहेत! धनिकपुत्रांचे क्रीडांगण असेच उभे राहिले. यंत्रस्त्रीभोवती वरखाली फिरणारी प्रकाशाची कडी हीसुद्धा तीच फिल्म पुन्हा पुन्हा मागे गुंडाळून, तिच्यावर पुन्हा पुन्हा चित्रण करून साधलेली.

खरी मारिया आणि खोटी मारिया, दोन्ही भूमिका ब्रिगिट्टे हेल्म या नवख्या मुलीने केल्या. चित्रण सुरू झाले तेव्हा तिला वीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. यंत्रस्त्रीच्या कठीण कवचात तीच कोंडलेली होती आणि ते कवच तिच्या अंगाला काचत होते. पुराच्या प्रसंगासाठी बर्लिनच्या गरीब वस्त्यांतली शेकडो मुले आणून त्यांना थंड पाण्यात उभे केले होते. कामगारांच्या हालांचे चित्र काढणारा लांग स्वतः माणसांना यंत्राप्रमाणे राबवत होता, ही गोष्टही सांगितली पाहिजे.

कात्रीचा प्रताप

एवढे करून जे सिद्ध झाले ते ४,१८९ मीटर लांबीचे होते, म्हणजे अडीच तासांचा चित्रपट. पण बर्लिनमध्ये तो पुरेसा चालला नाही. आणि त्याआधीच दूर अमेरिकेत त्याचे भवितव्य ठरून गेले होते.

उफा कंपनी कर्जात बुडालेली होती. १९२५ च्या अखेरीस पॅरामाउंट आणि मेट्रो-गोल्डविन या अमेरिकन कंपन्यांनी तिला चाळीस लाख डॉलरचे कर्ज दिले आणि त्याबरोबर तिच्या चित्रपटांवर हक्कही मिळवला. अमेरिकेतल्या प्रेक्षकांसाठी 'मेट्रोपोलिस' आटोपशीर करण्याचे काम पॅरामाउंटने चॅनिंग पोलॉक या नाटककारावर सोपवले. त्याने सुमारे पाऊण तास कमी होईल इतकी काटछाट केली आणि उरलेल्या भागाला नव्या पाट्या लिहून वेगळीच कथा बसवली.

काय गेले ते पाहण्यासारखे आहे. मूळ कथेत हेल नावाची एक स्त्री आहे. रोटवांगाचे तिच्यावर प्रेम होते. ती त्याला सोडून योह फ्रेडरसनची पत्नी झाली आणि फ्रेडरला जन्म देताना वारली. रोटवांगाने आपल्या घरात तिचे भव्य शिल्प उभारले आहे, आणि यंत्रस्त्री तो बनवतो ती गेलेल्या हेलला परत आणण्यासाठी! इंग्रजीत 'हेल' म्हणजे नरक, तेव्हा बाईचे हे नाव ऐकून लोक हसतील, या कारणास्तव पोलॉकने हेललाच हद्दपार केले. रामायणातून सीता काढून टाकावी आणि राम लंकेला का गेला म्हणून श्रोत्यांना विचारावे, तसे झाले. हेल गेल्यावर रोटवांगाचे दुःख गेले, त्याचा सूड गेला. उरला तो केस पिंजारलेला एक वेडा शास्त्रज्ञ. पुढे शेकडो चित्रपटांनी या वेड्या शास्त्रज्ञाची नक्कल केली, पण त्याच्या वेडाचे कारण कोणालाच ठाऊक नव्हते.

बरे, कापलेली प्रत अमेरिकेपुरती राहिली असती तर एक वेळ चालले असते. पण उफाने १९२७ सालीच जर्मनीतही तशीच लांडी प्रत लावली. पहिल्या काही महिन्यांत बर्लिनकरांनी जे पाहिले ते पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडेनासे झाले.

या मोडक्या चित्रपटावर मग टीकेचे आसूड पडले. एच. जी. वेल्स हे भविष्यकथांचे बादशहा. त्यांनी १९२७ च्या एप्रिलात 'न्यू यॉर्क टाइम्स'मध्ये त्याला मूर्खपणाचा कळस ठरवले. पुढे जगप्रसिद्ध झालेले स्पॅनिश दिग्दर्शक लुईस बुन्युएल यांनीही त्याच वर्षी लिहिले, की हे दोन चित्रपट पोटाला पोट चिकटवून जोडलेले आहेत, डोळ्यांना मेजवानी आणि कथेच्या नावाने शून्य. कथा भाबडी आहे हे खरे, पण तिच्या नाड्या तोडून मग तिला लंगडी म्हणणे, हा कुठला न्याय?

बोट दाबून धरलेला माणूस

जर्मनीत शोध थांबला नव्हता. म्यूनिकच्या चित्रपट संग्रहालयाचे एन्नो पाटालास यांनी वर्षानुवर्षे देशोदेशींच्या प्रती जमवून १९८७ साली एक जुळणी सिद्ध केली. २००१ साली मार्टिन क्योर्बर यांच्या देखरेखीखाली आणखी सरस प्रत तयार झाली. जे तुकडे नव्हते तिथे काय घडते ते पाटीवर लिहून सांगितले होते. त्याच वर्षी युनेस्कोने 'मेट्रोपोलिस'ची जगाच्या स्मृतिठेव्यात नोंद केली. चित्रपटाला हा मान प्रथमच मिळत होता. उरलेला भाग कायमचा गेला, असेच तेव्हा सर्व जाणकार धरून चालले होते.

इकडे अर्जेंटिनात काय घडले होते? १९२७ साली आडोल्फो विल्सन नावाच्या तिथल्या वितरकाने अमेरिकन कात्री लागण्यापूर्वीची लांब प्रत विकत घेतली आणि १९२८ साली ती ब्यूनोस आयर्सला दाखवली. खेळ संपल्यावर ही प्रत मान्वेल पेन्या रोद्रिगेस या चित्रपट-समीक्षकाच्या संग्रही गेली. पुढे तिथल्या सरकारी कलानिधीकडे आणि अखेर १९९२ साली शहराच्या चित्रपट संग्रहालयात. जुनी फिल्म नायट्रेटची, म्हणजे जवळजवळ दारूगोळाच. भडका उडू नये म्हणून ती १६ मिलिमीटरच्या सुरक्षित फिल्मवर उतरवून घेतली आणि मूळ फिल्म नष्ट केली. उतरवताना मूळ प्रत पुसूनसुद्धा घेतली नाही. तिच्यावरचा प्रत्येक ओरखडा, प्रत्येक तेलाचा डाग नव्या प्रतीत कायमचा गोंदला गेला.

फेर्नांदो पेन्या हे तिथले चित्रपटांचे अभ्यासक. त्यांना एका फिल्म क्लबच्या वृद्ध चालकाने जुनी आठवण सांगितली होती. 'मेट्रोपोलिस' दाखवताना फिल्म आकसल्यामुळे प्रोजेक्टरमध्ये नीट बसेना, तेव्हा हा भला माणूस खेळ संपेपर्यंत, दोन तासांहून अधिक वेळ, बोटाने ती दाबून धरून उभा होता! दुसऱ्या कोणी हा किस्सा हसण्यावारी नेला असता. पेन्यांच्या मनात गणित सुरू झाले. जगात जी प्रत मिळते ती दीड-दोन तासांत संपते, मग या माणसाचे बोट दोन तासांच्या वर कसे दुखले?

त्यांनी संग्रहालयाची दारे ठोठावली. वर्षे गेली, पण डबे काही पाहावयास मिळाले नाहीत. २००८ साली पावला फेलिक्स-दिदिएर या बाई संग्रहालयाच्या संचालक झाल्या. त्या पेन्यांच्या पूर्वीच्या पत्नी. वेगळे झालेले ते दोघे मिळून भांडारात गेले, डबे काढले, फिल्म उजेडासमोर धरली. कोणी पाहिली नव्हती अशी दृश्ये एकापाठोपाठ एक समोर आली. बाई तबकडीवर नक्कल घेऊन जर्मनीला गेल्या, तिथल्या तज्ज्ञांनी ती डोळ्यांखाली घातली, आणि २००८ च्या जुलैत ही वार्ता जगाला कळली.

यात चोरी नव्हती, गुप्तता नव्हती. डब्यावर नाव होते, नोंद होती. उघडून लांबी मोजावी, एवढेच कोणाला वाटले नव्हते.

तुकडे कसे जुळले?

सापडलेला भाग सुमारे पंचवीस मिनिटांचा. पण कोणता तुकडा कोठे आणि किती वेळ, हे ठरवावयाचे कसे? इथे तीन साक्षीदार कामी आले. पहिली, खुद्द अर्जेंटिनाची प्रत, कारण तिचा अनुक्रम मूळचा होता. दुसरी, जर्मन सेन्सॉरकडे त्या काळी नोंदलेली पाट्यांची यादी. आणि तिसरा साक्षीदार संगीताचा. गॉटफ्रीड हुपेर्ट्स या संगीतकाराने मूकपटाबरोबर वाजवावयाचे संगीत रचले होते, आणि त्याच्या पियानोच्या वहीत पडद्यावर अमुक घडते तेव्हा अमुक सूर, अशा हजाराहून अधिक खुणा होत्या. मूळ पोथी फाटली, पण टीकाकाराची वही शाबूत, आणि टीकेवरून मूळ ओवी कोठली ते कळले! आमच्या पाठचिकित्सेच्या शास्त्रात हे अगदी बसते.

१२ फेब्रुवारी २०१० रोजी बर्लिनमध्ये जिवंत वाद्यवृंदासह पुनर्जात चित्रपटाचा खेळ झाला. ब्रांडेनबुर्ग दरवाजापाशी पडदा लावून तो थंडीत उभ्या असलेल्या लोकांनाही दाखवला. तेव्हा वाजले ते हुपेर्ट्सचेच संगीत, आणि तबकडीवरही तेच आहे.

दिवाणखान्यातले महानगर

घरच्या पडद्यावर मूकपट, तोही अडीच तासांचा, कोण पाहणार, अशी मला शंका होती. सौभाग्यवतींनी भाजी निवडावयास घेतली, मुलीच्या हातात मोबाइल होताच. अर्ध्या तासाने भाजी तशीच राहिली होती आणि मोबाइल उपडा पडला होता. पाळी बदलताना कामगारांचे तांडे पाहून आई म्हणाल्या, "गिरणीचा भोंगा झाला की लालबागला अश्शीच माणसं निघायची रे!" गिरण्या चालू असताना त्या परळला राहत असत.

नवे तुकडे ओळखणे अगदी सोपे. एरवीचे चित्र इतके स्वच्छ की कामगाराच्या कपाळावरचा घाम दिसावा. आणि मध्येच धो धो पाऊस पडल्यासारख्या रेघा सुरू होतात, चित्र वरून आणि डावीकडून थोडे आखूड होते. तो अर्जेंटिनाचा भाग. गणकयंत्रांनी जेवढे पुसता आले तेवढे पुसले, उरलेले ओरखडे तसेच ठेवले. कापलेल्या कडा नव्याने रंगवून घातल्या नाहीत, तिथे काळी पट्टी सोडली. हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो. चांगला संपादक प्रक्षिप्त ओळ मुळात मिसळत नाही, आणि जीर्ण पान कोठे आहे ते वाचकापासून लपवत नाही.

आणि त्या रेघांतून काय काय परत आले! फ्रेडरसनने मुलाच्या मागावर सोडलेला एक कृश, लांबट हेर आहे. लांड्या प्रतीत तो नुसता येऊन जात असे. आता तो सावलीसारखा साऱ्या कथेवर पसरतो. ११८११ एवढ्याच आकड्याने ओळखला जाणारा एक कामगार फ्रेडरशी कपडे बदलतो, आणि श्रीमंताच्या कपड्यात खिसाभर पैसे सापडताच निरोप पोचवण्याऐवजी रंगमहालाकडे वळतो. एका रात्रीपुरते वरच्या नगराचे सुख त्याला चाखावयाचे आहे. या एका प्रसंगाने ते 'तांडे' माणसांचे झाले. पुरातून मुलांना वाचवण्याचा प्रसंगही आता लांबतो. शिडीवर दाटलेली मुले, वरची जाळी बंद, खाली चढणारे पाणी! आमच्या घरी या वेळी सर्वांनी पाय वर घेतले होते.

आणि हेल? पडदा सरकतो, प्रचंड दगडी चेहरा दिसतो, आणि दोन म्हातारे होत चाललेले पुरुष त्याच्यासमोर एकमेकांचा द्वेष करीत उभे राहतात. नगराची सारी उलथापालथ या एका मृत स्त्रीवरून चालली आहे, हे पहिल्यांदाच डोळ्यांना दिसते. भव्य देखाव्यांच्या मालिकेची आता खऱ्या अर्थाने गोष्ट झाली.

अजूनही दोन प्रसंग मिळालेले नाहीत. चर्चमधील साधूचे प्रवचन, आणि रोटवांग व फ्रेडरसन यांची झटापट, जिच्या गडबडीत मारिया निसटते. तिथे पाट्यांवर भागवावे लागते.

एक गोष्ट मात्र आजच्या प्रेक्षकाला १९२७ च्या प्रेक्षकापेक्षा अधिक जाणवेल. खोटी मारिया ही बनावट चेहऱ्याची गोष्ट आहे. ज्या तोंडावर लोकांचा विश्वास, तेच तोंड यंत्राला चढवले, आणि लोकांनी स्वतःच्या हाताने स्वतःची घरे बुडवली. आज कोणाचाही चेहरा आणि आवाज यंत्राकडून हुबेहूब वठवून घेता येतो. मुलगी मला म्हणाली, "बाबा, हे तर आत्ताचंच आहे." खऱ्या आणि खोट्या मारियात फरक दाखवण्यासाठी ब्रिगिट्टे हेल्मने एवढेच केले, की खोटीची एक पापणी जडावली, मान झटक्याने वळू लागली. पाहणाऱ्या आपल्याला तो फरक दिसतो. गर्दीला दिसत नाही.

हार्बूबाई आणि आमचे तेंडुलकर

आता या कथेचा एक धागा थेट आपल्याकडे येतो.

थेआ फॉन हार्बू या लेखिकेचे पहिले यजमान रुडोल्फ क्लाइन-रोग्गे. त्यांच्यापासून वेगळी होऊन १९२२ साली तिने फ्रिट्स लांगशी लग्न केले. आणि 'मेट्रोपोलिस'मध्ये रोटवांगाची, म्हणजे जिची प्रिया दुसऱ्याची पत्नी झाली त्या दुःखी पुरुषाची, भूमिका कोणी करावी? याच क्लाइन-रोग्गे यांनी! हेलची कथा कापली गेली तेव्हा हा योगायोगही पडद्याआड गेला होता.

पुढे लांग आणि हार्बू यांचेही बिनसले. बेळगावकडचा एक तरुण, आयी गणपत तेंडुलकर, शिक्षणासाठी जर्मनीत आला होता आणि वृत्तपत्रांत लिहीत होता. हार्बूचे त्याच्यावर प्रेम बसले. तो तिच्याहून वयाने बराच लहान. १९३३ साली लांगशी घटस्फोट झाला आणि पुढे तिने तेंडुलकरांशी गुप्तपणे लग्न केले, कारण हिटलरच्या राज्यात नामांकित जर्मन स्त्रीने हिंदी माणसाशी लग्न करणे खपणारे नव्हते. लांगने १९३३ सालीच जर्मनी सोडली. हार्बू मात्र राहिली, नाझी पक्षाची सभासदही झाली. हिंदी लोकांना मदत करता यावी म्हणून आपण सभासद झालो, असे कारण तिने पुढे दिले. ते कितपत मानावयाचे, हे ज्याने त्याने ठरवावे. डोके आणि हात यांना हृदयाने सांधण्याचे स्वप्न लिहिणारी लेखणी त्या राजवटीत चालत राहिली, ही गोष्ट या चित्रपटाच्या गोड शेवटावर सावली टाकते. खुद्द लांगनेही उतारवयात सांगितले, की हृदयाचा हा तोडगा म्हणजे परीकथा, तो आपल्याला कधी पटला नाही.

महायुद्धाच्या सुमारास तेंडुलकर मायदेशी आले. इंदुमती गुणाजी यांच्याशी त्यांनी विवाह ठरवला, गांधीजींनी दोघांची दीर्घ ताटातुटीची कसोटी पाहिली, दोघांनी तुरुंगवास भोगला, आणि १९४५ साली सेवाग्रामला गांधीजींच्या साक्षीने लग्न लागले. त्यांची कन्या लक्ष्मी तेंडुलकर धौल यांनी या तिघांची कथा २०१३ साली इंग्रजी पुस्तकात सांगितली आहे. हार्बू १९५४ साली वारली. आपल्याच एका जुन्या मूकपटाचा बर्लिनमधला खेळ पाहून बाहेर पडताना ती पडली, आणि त्या दुखापतीतून उठली नाही. लांग १९५८ साली राजस्थानात उदयपूरला आला, तो तिच्याच हिंदुस्थानविषयीच्या जुन्या कादंबरीवर चित्रपट काढण्यासाठी.

आपल्या माळ्यावरचे डबे

ही सगळी हकिगत वाचून आपल्या चित्रपटांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' अखंड स्वरूपात आपल्यापाशी नाही. १९३१ चा 'आलम आरा', आपला पहिला बोलपट, त्याची एकही प्रत उरलेली नाही. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले आणि पी. के. नायर यांनी गावोगाव हिंडून डबे गोळा केले. फाळक्यांच्या कुटुंबीयांकडून त्यांनी रिळे मिळवली, म्हणून १९१९ च्या 'कालिया मर्दन'मधला बाळकृष्ण, म्हणजे फाळक्यांची छोटी मुलगी मंदाकिनी, आज आपल्याला हसताना दिसते. तरीही २००३ साली पुण्यातच नायट्रेट रिळांच्या भांडाराला आग लागली आणि कितीतरी जुने चित्रपट जळून गेले.

अर्जेंटिनाच्या त्या डब्यांचा धडा साधा आहे. मोठा शोध लागला तो मोठ्या यंत्रामुळे नव्हे. एका म्हाताऱ्याने बोट दुखल्याची आठवण सांगितली आणि दुसऱ्याने ती मन लावून ऐकली, म्हणून. आपल्याकडे जुन्या चित्रगृहांचे चालक, टुरिंग टॉकीजवाले, वितरकांचे मुनीम, त्यांची मुले अजून आहेत. त्यांच्या आठवणी आहेत, आणि कोणाच्या तरी माळ्यावर गंजलेले डबेही असतील. दिवाळीची झाडलोट करताना असा डबा हाती लागला, तर भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी क्षणभर थांबावे. घरी तो उघडू नये, उन्हात किंवा दिव्याजवळ ठेवू नये, कारण आत नायट्रेट असेल तर धोका असतो. त्यावर कोणाचे नाव आहे ते वाचावे आणि पुण्याच्या संग्रहालयाला एक पत्र टाकावे.